जमणो हात

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घातली, की मी घरी येऊन त्याची वांगी एकेक चिरून बघते. नवरा म्हणतो, संशयाला औषध नाही. मी म्हणते, असतं तरी त्याच्यावरची तारीख वाचल्याशिवाय मी ते घेतलं नसतं. तो सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये दिवसभर वाफेत उभा असतो, त्यामुळे घरी येऊन वाद घालायचं त्याच्यात त्राण नसतं. मीच जिंकते.

म्हणूनच माझा धाकटा भाऊ मायला घेऊन उधना स्टेशनवर उतरला आणि तिचा उजवा हात गळ्यात अडकवलेला दिसला, तेव्हा मी हाताकडे नंतर बघितलं. आधी दोघांची तोंडं बघितली. माय खाली बघत होती आणि भाऊ इंजिनाकडे. घरी आल्यावर तो चहा प्यायला, बशी उलटी ठेवली आणि म्हणाला, “हात बरा झाला की कळव. घ्यायला येतो.” दुपारच्या गाडीनं परत नंदुरबारकडे गेलासुद्धा. शेतीची कामं होती म्हणे.

खांद्याजवळ हाड मोडलं होतं. कसं मोडलं? मला माय म्हणाली, न्हाणीत पाय सरकला. नवऱ्यानं विचारलं तर धाब्यावरून, म्हणजे गावाकडच्या घराच्या मातीच्या गच्चीवरून, उतरताना शिडी हलली. आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला तिनं सांगितलं, गाईच्या दाव्यात पाय अडकला. आता एका बाईचा एक हात तीन ठिकाणी कसा मोडेल? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी तिला तसं तोंडावर म्हटलंही.

“पडनू म्हंजे पडनू,” ती म्हणाली. “तुले काय पंचनामा करना शे?”

आम्ही मायलेकी आपसात अहिराणीच बोलतो. माझं आणि भावाचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, तिचं मात्र लिहायला गेलं की मराठीत बसत नाही. तीही बसत नाही कुठे. माय चांगली उंच, हाडापेरानं मोठी. मी बापावर गेले, बुटकी. गोडादऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती उभी राहिली की खोली लहान वाटायची. हात मोडल्यापासून मात्र ती गॅलरीच्या कोपऱ्यात अशी आवरून बसायची, की कपडे वाळत घालताना मला तिला ओलांडावंही लागत नसे.

आमच्यात आई लेकीच्या घरी राहते ती बाळंतपणाला, नाहीतर आजारपणाला. तिसरं कारण नाही. माझी बाळंतपणं होऊन जमाना झाला, तेव्हा उरला तो हा हात. कुणी जिन्यात भेटलं, “किती दिवस मुक्काम?” असं विचारलं, की माय लगेच पट्ट्यातला हात थोडा पुढे करायची. “हाऊ बरा व्हयना का जासू.” न विचारणाऱ्यालाही सांगायची. जावयाच्या घरचं मीठ खाताना तिला घासागणिक हिशेब द्यावासा वाटायचा, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. माझ्या घरी माझ्या आईला राहायला हाड कशाला मोडायला हवं? पण हे बोलून दाखवलं की ती आणखीच आवरून बसायची.

पट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, पण खांदा जाम झालाय, आता व्यायाम केला तरच हात वर जाईल, नाहीतर जन्मभर असाच. असाच म्हणजे कमरेपासून जेमतेम छातीपर्यंत. तिला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. भाकरी थापता येत नव्हती. मी तिचा अंबाडा घालायला बसले की ती मान ताठ करून, दुसऱ्याच कुणाचं डोकं असल्यासारखी बसायची. दवाखान्यातल्या करंटच्या पट्ट्या थोडे दिवस लावून झाल्या. “अंगमा मुंग्या सोडतस,” म्हणून तिनं ते बंद केलं.

मग खालच्या शेजारणीनं सांगितलं, सोसायटीच्या वाडीत सकाळी योगाचा वर्ग असतो, बायकांसाठी, फुकट. वाडी म्हणजे आमच्याकडे सुरतेत लग्नकार्याचा हॉल. फुकट म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. फुकट कोण काय शिकवतं हो आजच्या काळात? आधी आसनं शिकवतील, मग तेलाची बाटली काढतील, मग पावडरीचा डबा, मग म्हणतील तुम्हीच आणखी चार जणी आणा. पहिल्या दिवशी मी मायसोबत गेले ती ते तेल बघायलाच.

शिकवणारी गुजराती बेन होती, शाळेतून रिटायर झालेली, पायात मोजे, आवाज वर्गात बोलावा तसा. पहिल्या दिवशी तिनं काही विकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे काहीतरी मोठं विकणार, मी मनात म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःची कथा सांगितली. स्कूटरवरून पडली होती, कमरेचा मणका सरकला होता, कितीतरी वर्षं वाकून चालत होती, मग योगानं उठून उभी राहिली. घ्या! ही कथा प्रत्येक योगवाल्याच्या पिशवीत असतेच. मी विचारलं, “म्हणजे आता एकदम बरं?”

“ना रे,” ती म्हणाली. “दुखे तो छे. पण हवे बीक नथी लागती.”

दुखतं, पण आता भीती वाटत नाही. हे मात्र कुठल्या जाहिरातीत बसण्यासारखं नव्हतं. वर्ग संपल्यावर ती जमिनीवरून उठली तेव्हा मी बघितलं, एक गुडघा टेकून, भिंतीला हात लावून, तोंड जरा वाकडं करून उठली. लपवलं नाही. विकायला बसलेली बाई असं सगळ्यांसमोर उठत नाही. मी मायला तिच्या हवाली केलं आणि घरी माझ्या कामाला लागले. मी साड्यांवर टिकल्या चिकटवते. गठ्ठे घरी येतात, गमची ट्यूब घेऊन बसायचं, मान मोडेपर्यंत.

माय रोज जायला लागली. एक दिवस चुकवला नाही. अंघोळ करून, पदर खोचून, माझ्या आधी तयार. थोड्या दिवसांनी म्हणाली, “दुखनं कमी शे.” झोपही लागायला लागली. मला बरं वाटलं. पण हात? हात होता तिथेच होता. खालच्या शेजारणीचे गुडघे वाकायला लागले, समोरच्या बिल्डिंगमधली एक जण मान वळवून बसमधून हाक मारायला लागली, आणि आमच्या मायचा हात छातीच्या वर एक बोट जाईना. दुखणं कमी, आणि हात तसाच? माझ्या मनात पाल चुकचुकली.

पी हळद नि हो गोरी, असं होत नसतं, हे मलाही कळतं. पण हे निराळं होतं. मला वाटायला लागलं, हिचा हात वर जातो, ही दाखवत नाही.

वाटायला लागलं की मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. मायला मिशेरीची सवय आहे. एक दिवस ती वर्गाला गेली असताना मी स्टुलावर चढून तिची मिशेरीची डबी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, आणि ती आल्यावर चादरीच्या घड्या करत दाराआडून बघत बसले. तिनं डबी शोधली. दिसली. मग तिनं डावा हात वर केला, उंच बाई ती, सहज काढली, आणि घासत घासत माझ्याकडे न बघता म्हणाली, “आते कोठे ठेवशी? वरना पत्रावर?”

तिला कळलं होतं. मला फार लाज वाटली, पण संशय काही गेला नाही. उलट वाढला. इतकी हुशार बाई नाटक करू शकतेच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग वाडीपर्यंत गेले आणि खिडकीच्या जाळीला डोळे लावले. आत बायकांच्या रांगा. समोर बेन. तिनं स्वतःचा हात वर केला आणि खणखणीत म्हणाली, “जमणो हाथ उपर! श्वास लो!”

सगळ्यांचे उजवे हात वर गेले. गुजरातीत जमणो म्हणजे उजवा, हे सुरतेत दोन दिवस राहिलेल्यालाही कळतं. आणि आमची माय? तिनं डावा वर केला. अगदी ताठ, छताला बोट लागेल असा, चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा भाव.

“हवे डाबो हाथ!”

डाबो म्हणजे डावा. सगळ्यांचे डावे वर गेले. मायनं तिचा डावा खाली आणला आणि त्यानं उजव्या खांद्याला घट्ट धरून, डोळे मिटून, दाबायला सुरुवात केली. पुन्हा जमणो, पुन्हा डावा वर. पुन्हा डाबो, पुन्हा दाबणं. मोडलेला हात तिनं एकदाही उचलला नाही. पकडली! मी चपलांसकट आत घुसले.

“माय, हा कुठला हात वर करतेस तू?”

सगळा वर्ग थांबला. माय माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू वेडी मी आहे. “जमस तो.”

“म्हणजे?”

“ती काय म्हनस? जमनो हात उपर. जो हात जमस तो वर करना. मना हाऊ जमस.” तिनं डावा हात हलवून दाखवला.

“आणि डाबो?”

“दाबो! जो जमत नही तो दाबना. मी दाबस ना रोज!”

आम्ही जन्मभर जमतं, जमत नाही, जमवून घे, याच्यावरच जगलेली माणसं. तिनं तरी दुसरा काय अर्थ लावावा? जमतो तो हात वर करा, जमत नाही तो दाबा. एका अर्थी शहाणपणाचंच होतं. मी बेनला मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळं समजावलं तशी ती आधी तोंडावर हात ठेवून आणि मग भिंतीला टेकून हसायला लागली. ती आमच्याकडे तोंड करून उजवा हात वर करायची, मायचा डावा बरोबर तिच्या समोर यायचा, आरशात दिसावा तसा, आणि डाबोला ती दुखरा खांदा धरायची ते साहजिक वाटायचं, म्हणून तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मागच्या रांगेतून युपीची एक बाई म्हणाली, “हाय राम, हम तो अम्माजी को देख देख के कर रहे थे!” तीही इतके दिवस डावा वर करून उजवा दाबत होती, आणि तिला तर कमरेचं दुखणं होतं.

सगळ्या हसल्या. मायही हसली, पदर तोंडाला लावून, खांदा धरून. आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! माझी आई खोटं बोलत नव्हती. तिचं दुखणं कमी झालं ते खरंच होतं, रोज दाबून घेतल्यानं झालं असेल. हात वर गेला नाही तेही खरं होतं, कारण तिनं तो उचललाच नव्हता.

बेननं डोळे पुसले आणि मायच्या उजव्या मनगटाला हळूच बोट लावून सांगितलं, “बा, जमवुं एटले जेवणं. जमणो एटले जे हाथथी जमीए ते.” ज्या हातानं जेवतो तो.

माय हसायची थांबली. “ह्या हातघाई तं मी जेवत नही,” ती म्हणाली.

त्या हातानं ती जेवत नव्हतीच. हात मोडल्यापासून डाव्या हातात चमचा धरून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. डाव्या हातानं खाताना कुणाला दिसू नये म्हणून. मला वाटायचं, ती आमच्यावर रुसून भिंतीकडे बघते. त्या दिवशी दुपारी ती जेवायला बसली तेव्हा तिनं चमचा बाजूला सारला. घास तोंडापर्यंत पोचेना, तर तोंड खाली ताटाकडे नेलं. वरण पदरावर सांडलं. पण जेवली.

मग खरा योग सुरू झाला. बेननं तिला भिंतीसमोर उभं केलं, बोटं भिंतीवर टेकवून चढवायची, किडा चढतो तशी. श्वास घेताना चढवायची, सोडताना थांबायचं, ओढायचं नाही. “दर्द साथे लडवानुं नथी,” ती म्हणायची, दुखण्याशी झुंजायचं नाही. वर्गात झालं की घरी पुन्हा. आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर मायची बोटं जिथपर्यंत जायची, तिथे मी साडीची एक टिकली गम लावून चिकटवायची. पहिली टिकली विजेच्या बटनाच्या खाली होती. मग बटनाच्या बरोबरीला आली. मग वर. लाल, हिरवी, मोतिया, ज्या रंगाचं काम हातात असेल त्या रंगाची. पाठीमागून टॉवेल धरून वर-खाली ओढायचं, तेही ती करायला लागली. एक दिवस मी अंघोळीहून आले तर तिनं स्वतःचा अंबाडा घातला होता. वाकडा, एका कानाकडे झुकलेला. मला रडू आलं. ती म्हणाली, “रडस कसाले? चांगला शे ना?”

नवरा घरी आला की बूट काढायच्या आधी भिंतीकडे बघायचा. “मामी, आज कुठवर?” माय लाजायची.

आणि मग टिकल्या थांबल्या. दाराच्या चौकटीच्या हातभर खालपर्यंत चढल्या आणि तिथेच. आज तिथेच, उद्या तिथेच. एखाद्या दिवशी तर खाली. बेन म्हणाली, होतं असं, खांदा मध्येच अडतो. पण मी भिंतीशेजारीच बसून टिकल्या चिकटवत असते, मला दिसत होतं. मायची बोटं शेवटच्या टिकलीपाशी यायची, तिथे जरा टेकायची, आणि खांद्यात काहीच अडलेलं नसताना खाली यायची. तोंडावर दुखण्याची रेघसुद्धा नाही. “आज जमत नही,” म्हणायची.

पुन्हा संशय! पण आता मी मिशेरीची डबी नाही लपवली. नुसती बघत राहिले. आणि मला दिसलं ते असं: भावाचा फोन आला की दुसऱ्या दिवशी हात खाली. तो फोनवर पहिल्यांदा तब्येत विचारायचा नाही. “हात किती वर जातो?” हेच विचारायचा. माय फोन कानाला लावून, भिंतीवरच्या टिकल्यांकडे बघत सांगायची, “थोडासा.” मग गॅलरीत जाऊन आवरून बसायची, पहिल्यासारखी.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? हात बरा झाला की जावं लागणार, म्हणून ती हात बरा होऊ देत नव्हती. इतकं मला कळलं. का जायचं नाही, ते विचारायचं धाडस मात्र झालं नाही. मी, जी भाजीवाल्याला कोथिंबिरीचा जाब विचारते, ती आईला एक साधा प्रश्न विचारू शकत नव्हते. कारण न्हाणी, शिडी आणि गाईचं दावं ही तीन उत्तरं माझ्याकडे होती, आणि चौथं मला ऐकायचं नव्हतं. भाऊ आहे तो माझा. मी त्याला कडेवर घेऊन फिरलेली आहे.

एका सकाळी माय वर्गाहून येऊन भिंतीशी उभी होती, बोटं वरच्या टिकलीपाशी, आणि जिन्यावरून आवाज आला. “बाई, घरात आहेस का?” भाऊ न कळवता आला होता. मायचा हात असा खाली आला, जणू भिंत तापली. मी उठले आणि दुसरं काही सुचेना म्हणून पलीकडच्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढून टिकल्यांच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. का ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

भावानं भरताची वांगी आणली होती, शेतातली, आणि मिरच्या. माझ्या नवऱ्याला आवडतात म्हणून. “दाजी कामावर?” त्यानं विचारलं. चहा घेतला. वाईट नाही तो, असं मी जन्मभर सांगत आले आहे. मग म्हणाला, “लोक विचारतात बाई. आई लेकीकडे किती दिवस? माझं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. माय, आवर. दुपारची गाडी आहे.”

“हात बरा कुठे झालाय?” मी म्हटलं.

“माय, वर कर बघू हात.”

मायनं माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे केले, अगदी वर्गातल्यासारखे, आणि विचारलं, “जमनो?”

मी म्हटलं, “हो माय. जमणो.”

तिनं डावा हात वर केला. ताठ, छताकडे.

“हा नाही, दुसरा,” भाऊ म्हणाला, आणि हसत हसत, अगदी सहज, तिचं उजवं मनगट धरायला पुढे झाला. त्याचं बोट लागायच्या आधीच माय भिंतीला जाऊन चिकटली. डोळे मिटून, मान खांद्यात घालून, इतकी उंच बाई माझ्याएवढी झाली. कॅलेंडर तेवढं हललं. भावाचा हात हवेत तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी बघितलं हे त्याला कळलं.

“सोड,” मी म्हटलं. त्यानं धरलेलंच नव्हतं, तरी मी सोड म्हटलं. “डॉक्टरांनी ओढायला मना केलंय. वेळ लागेल अजून.”

“किती वेळ?”

“ते सांगता येत नाही. खांदा आहे तो. जन्मभरही लागेल.”

तो कॅलेंडरच्या खाली दिसणाऱ्या दोन टिकल्यांकडे बोट करून म्हणाला, “हे काय?”

“माझं काम,” मी म्हटलं. “सांडतात.”

त्यानं पुढे विचारलं नाही. झाकली मूठ त्यालाही सोयीची होती. मायनं डाव्या हातानं, अर्धं सांडत, त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि गाडीत खायला दशम्या बांधून द्यायला मला सांगितलं. “त्याले लोणचं बी घाल,” म्हणाली. मला तेव्हा दोघांचाही राग आला, तिचा जास्त. पण घातलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तो खाली रस्त्यावर गेला आणि रिक्षापाशी थांबून वर बघितलं. माय गॅलरीत उभी होती. तिनं हात हलवला. डावा.

रिक्षा वळली तशी ती आत आली, उजव्या हातानं परात ओढली आणि पीठ घेतलं. मी तिच्यासमोर बसले. आता विचारायलाच हवं होतं. “माय, त्यानं ढकललं का तुला?”

“नही,” ती पीठ मळत म्हणाली. “ढकलं नही. त्यानी हात धरा. नि सोडा नही.” थोडं पाणी घातलं. “मी बी वढा. तेच चुकनं मनं.”

तिचं काही चुकलं नव्हतं, असं मी म्हटलं. ओरडूनच म्हटलं, रडत. तू आता कुठे जायचं नाहीस, हात बरा असला तरी नाही, नसला तरी नाही, लोक काय विचारायचं ते मला येऊन विचारू देत. ती ऐकत होती, मळत होती. मग परात बाजूला सारून, पिठाच्याच हातानं उठली, भिंतीपाशी गेली आणि कॅलेंडर काढून जमिनीवर ठेवलं. उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवली. श्वास घेतला. बोटं चढत गेली, बटनाच्या वर, लाल टिकलीच्या वर, मोतिया टिकलीच्या वर, जिथे इतके दिवस अडत होती त्याच्याही वर, दाराच्या चौकटीच्या वर. पिठाचा एक पांढरा ठसा तिथे उमटला.

“आठे लाव,” ती म्हणाली.

मी गमची ट्यूब आणि एक टिकली घेतली. माझा हात पोचेना. स्टूल आणावं लागलं.